बॅराइट : एका जड खनिजाचे रुग्णालयातील स्थान

(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वार्षिक सभेत प्रशासकांनी जमाखर्चाविषयी बोलावे, अशी आपल्या न्यासाची प्रथा आहे. यंदाचा ताळेबंद व लेखापरीक्षकांचा अहवाल छापील स्वरूपात आपल्या हाती आहेच. त्यातील आकडे वाचून दाखवून आपला वेळ घेण्याचा आमचा विचार नाही. त्याऐवजी आगामी वर्षाच्या अंदाजपत्रकातील एका नोंदीविषयी आपणांशी सविस्तर बोलावे, असे आम्ही योजिले आहे.

क्ष-किरण विभागाच्या नूतनीकरणाच्या शीर्षकाखाली ‘बॅराइट पूड’ अशी एक नोंद आहे. औषध भांडाराच्या खरेदीयादीत ‘बेरियम सल्फेट’ अशी दुसरी नोंद आहे. ही दोन्ही नावे एकाच पदार्थाची असल्याचे लक्षात आल्यावर काही सभासदांनी आम्हांस विचारले की, हे बांधकामाचे साहित्य आहे की औषध? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे की, हा पदार्थ दोन्ही आहे. आणि एकच पदार्थ दोन्ही कसा होऊ शकतो, हे समजल्याखेरीज त्यावरील खर्चाचे मोल ध्यानात येणार नाही. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. खनिजशास्त्र वा वैद्यक हा आमचा प्रांत नव्हे. परंतु ज्या वस्तूच्या देयकावर आम्ही स्वाक्षरी करतो, ती वस्तू काय आहे हे जाणून घेणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

प्रथम नावाचा अर्थ पाहू. ‘बॅराइट’ हे नाव ग्रीक भाषेतील ‘बारुस’ या शब्दावरून आले आहे. त्याचा अर्थ जड. हवेचा दाब मोजणाऱ्या ‘बॅरोमीटर’च्या नावातही हाच शब्द आहे. भाषाशास्त्रज्ञांच्या मते हा ग्रीक शब्द आणि आपला संस्कृत ‘गुरु’ हा शब्द एकाच प्राचीन मुळापासून निघालेले आहेत. आपण ‘गुरुत्व’ म्हणतो तेव्हा त्यात जो भार अभिप्रेत असतो, तोच या खनिजाच्या नावात आहे. व्यापारात त्याला ‘बरायटीज’ असेही म्हणतात.

हे नाव सार्थ आहे. एक लिटर पाण्याचे वजन एक किलोग्रॅम. तितक्याच आकारमानाचा गारगोटीचा दगड सुमारे 2.65 किलोग्रॅम भरतो. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ तीन किलोग्रॅमच्या आतबाहेर भरतो. त्याच आकाराचा बॅराइटचा तुकडा मात्र सुमारे साडेचार किलोग्रॅम भरतो. दिसायला तो पांढरा, राखाडी किंवा फिकट पिवळसर, संगमरवराच्या कुळातला वाटावा असा. पण हातात घेताच मनुष्य चकित होतो, कारण धातू नसलेला दगड इतका जड असेल अशी हाताची अपेक्षाच नसते. इतका जड असूनही तो कठीण नाही. काठिण्याच्या दहा अंशी मोजपट्टीवर त्याचे स्थान तीन ते साडेतीन, म्हणजे लोखंडी सुरीने त्यावर सहज ओरखडा उमटतो. त्याची बारीक पूड करणे सोपे जाते. रासायनिक दृष्ट्या तो बेरियम या धातूचा सल्फेट क्षार आहे.

या दगडाकडे युरोपातील विद्वानांचे लक्ष वेधले ते एका चर्मकारामुळे. सतराव्या शतकाच्या आरंभी इटलीतील बोलोन्या शहरात विन्चेन्झो काशारोलो नावाचे एक गृहस्थ जोडे शिवण्याचा व्यवसाय करीत व फावल्या वेळी किमयेचे प्रयोग करीत. जवळच्या मोन्ते पादेर्नो टेकडीवर सापडलेला जड दगड त्यांनी कोळशासह भाजला. त्यातून सोने निघाले नाही. परंतु भाजून तयार झालेला पदार्थ उजेडात ठेवून अंधारात आणला की काही काळ चमकत राहतो, असे त्यांना आढळले. ‘बोलोन्याचा दगड’ म्हणून तो सर्वत्र प्रसिद्ध झाला. पुढे 1774 साली कार्ल शीले या रसायनशास्त्रज्ञाने त्यात एक नवे मूलद्रव्य दडलेले असल्याचे ओळखले आणि 1808 साली इंग्लंडमध्ये हम्फ्री डेव्ही यांनी विजेच्या साहाय्याने बेरियम धातू वेगळा केला.

आपल्या देशाला या खनिजाची वाण नाही. आंध्र प्रदेशातील कडप्पा भागात मंगमपेट येथे असलेला साठा जगातील सर्वांत मोठ्या साठ्यांपैकी एक गणला जातो आणि देशातील बहुतेक सर्व उत्पादन आंध्र प्रदेशातूनच होते. जगातील प्रमुख उत्पादकांमध्ये चीनच्या जोडीने भारताचे नाव घेतले जाते. केंद्र सरकारने 2015 साली या खनिजाची गणना गौण खनिजांत केली होती; फेब्रुवारी 2025 मध्ये त्याला पुन्हा प्रमुख खनिजांच्या यादीत स्थान देण्यात आले.

खाणीतून निघणाऱ्या बॅराइटचा फार मोठा भाग रुग्णालयांकडे येत नाही, तर तेलविहिरींकडे जातो. जमिनीत खोल विहीर खणताना खालच्या थरांतील तेल आणि वायू प्रचंड दाबाखाली असतात. वर येण्याची वाट मिळताच ते उसळून अपघात घडवू शकतात. त्यांना दाबून धरण्यासाठी खणल्या जाणाऱ्या विहिरीत सतत चिखलासारखे द्रावण भरलेले ठेवतात आणि त्या द्रावणाला वजन यावे म्हणून त्यात बॅराइटची पूड मिसळतात. 1974 साली ‘सागर सम्राट’ या जहाजाने मुंबईपासून दूर समुद्रात तेलाचा शोध लावला, ही घटना आपल्यापैकी ज्येष्ठांना आठवत असेल. अशा प्रत्येक खोल विहिरीच्या कामात या जड पुडीचे स्थान पायाभूत आहे. याशिवाय रंग, रबर, प्लास्टिक, काच, गुळगुळीत कागद आणि वाहनांचे ब्रेक यांच्या निर्मितीतही हे खनिज वापरले जाते.

व्यापारी दृष्टीने आणखी एक गोष्ट नमूद करणे आवश्यक वाटते. जो माल वजनावर विकला जातो, त्यात जड आणि स्वस्त पूड मिसळण्याचा मोह फार जुना आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपात शिशापासून बनविलेल्या पांढऱ्या रंगात बॅराइटची भेसळ सर्रास होत असे. अर्थात, तेथे बॅराइट ही भेसळ होती. रुग्णालयात मात्र बॅराइट हा मूळ माल आहे आणि त्यात दुसरे काही मिसळले जाऊ नये, ही आमची चिंता आहे. तिच्याकडे आपण पुढे वळणारच आहोत.

आता रुग्णालयाच्या दारात येऊ. 8 नोव्हेंबर 1895 रोजी जर्मनीतील वुर्झबर्ग येथे विल्हेल्म रँटजेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. त्यांनी या शोधाचे पेटंट घेतले नाही आणि 1901 साली मिळालेल्या भौतिकशास्त्राच्या पहिल्या नोबेल पुरस्काराची रक्कम आपल्या विद्यापीठाला दिली. धर्मादाय संस्थेच्या व्यासपीठावरून त्यांच्या या औदार्याचा उल्लेख करणे औचित्याला धरूनच होईल.

क्ष-किरण हाडांत अडतात व मांसल भागांतून बऱ्याच प्रमाणात पार होतात. म्हणून हाड मोडले तर छायाचित्रात दिसते. परंतु अन्ननलिका, जठर, आतडे हे अवयव आजूबाजूच्या भागांपासून वेगळे ओळखू येत नाहीत. त्यांचा आकार दिसण्यासाठी त्यांच्या पोकळीत किरण अडविणारे काहीतरी भरावे लागते. 1896 साली अमेरिकेतील हार्वर्ड येथे विद्यार्थिदशेत असलेल्या वॉल्टर कॅनन यांनी प्राण्यांवर प्रयोग सुरू केले. त्यांनी अन्नात बिस्मथ या धातूचा क्षार मिसळून अन्नमार्गाची हालचाल पडद्यावर पाहिली. माणसांच्या तपासणीतही आरंभी बिस्मथच वापरले जाई. पण त्यामुळे काहींना विषबाधा होऊ लागली. तेव्हा 1910 साली जर्मनीतील बाखेम आणि ग्युंथर यांनी त्याऐवजी बेरियम सल्फेट वापरण्याचे सुचविले. तेव्हापासून आजतागायत, म्हणजे शंभराहून अधिक वर्षे, हा पांढरा पदार्थ क्ष-किरण विभागात टिकून आहे.

तो टिकला याचे कारण त्याच्या दोन गुणधर्मांत आहे. पहिला गुण, बेरियमचा अणू मोठा आहे. हाडातील कॅल्शियमचा अणुक्रमांक 20, तर बेरियमचा 56. त्यामुळे तपासणीसाठी वापरले जाणारे क्ष-किरण तो हाडाहूनही अधिक प्रभावीपणे अडवितो आणि अन्नमार्गाची आकृती छायाचित्रात पांढरीशुभ्र उमटते. दुसरा गुण याहून महत्त्वाचा आहे. बेरियम सल्फेट पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. एक लिटर पाण्यात जेमतेम अडीच मिलिग्रॅम विरघळते. जठरातील आम्लाचाही त्यावर विशेष परिणाम होत नाही. त्यामुळे ते रक्तात शोषले न जाता, ज्या मार्गाने आले त्या मार्गाने पुढे जाऊन शौचावाटे बाहेर पडते.

येथे उपस्थित नातेवाईकांपैकी अनेकांनी आपल्या रुग्णासोबत या तपासणीचा अनुभव घेतला असेल. रुग्णाला उपाशीपोटी बोलावतात, पेल्यातून खडूच्या पाण्यासारखे पांढरे, दाट द्रावण देतात आणि ते पोटात उतरत असताना डॉक्टर पडद्यावर त्याचा प्रवास पाहतात. घास कोठे अडतो, अन्ननलिका कोठे अरुंद झाली आहे, जठराच्या भिंतीवर व्रण आहे काय, आतड्यात कोठे अडथळा आहे, याचा बोध त्यातून होतो. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचा स्नायू सैल न होण्याचा एक विकार आहे. त्यात बेरियमची आकृती खाली पक्ष्याच्या चोचीसारखी निमुळती दिसते आणि जाणकार डॉक्टरांना ती पाहताच निदानाची दिशा मिळते.

नातेवाईकांकडून आमच्या स्वागतकक्षात काही प्रश्न वारंवार विचारले जातात. त्यांची उत्तरे या निमित्ताने देणे उपयुक्त ठरेल. पहिला प्रश्न, बेरियम किरणोत्सर्गी आहे काय? नाही. तपासणीत वापरले जाणारे बेरियम सल्फेट स्वतः किरण बाहेर टाकीत नाही, ते केवळ बाहेरून येणारे किरण अडविते. तपासणी झालेल्या आजोबांच्या मांडीवर नातवंडाने बसण्यास काहीही हरकत नाही. दुसरा प्रश्न, शौचाचा रंग पांढरा झाला तर घाबरावे काय? घाबरू नये; एखाद-दुसरा दिवस तसे होणे अपेक्षितच असते. मात्र या काळात, डॉक्टरांनी पाणी मर्यादित ठेवण्यास सांगितले नसेल तर, पाणी भरपूर प्यावे. पाणी कमी पडल्यास बेरियम आतड्यात घट्ट होऊन बद्धकोष्ठ होऊ शकतो. पोटात दुखू लागल्यास किंवा शौचाला न झाल्यास विलंब न लावता डॉक्टरांना कळवावे. तिसरा प्रश्न, ही तपासणी सर्वांना चालते काय? नाही. जठराला किंवा आतड्याला छिद्र पडल्याची शंका असेल तर बेरियम देत नाहीत, कारण ते पोटाच्या पोकळीत सांडल्यास गंभीर दाह होतो. अशा वेळी पाण्यात विरघळणारे, आयोडीनयुक्त द्रावण वापरतात. स्त्री गरोदर असेल किंवा तशी शक्यता असेल, तर क्ष-किरण कक्षात पाऊल ठेवण्यापूर्वीच ते सांगणे अगत्याचे आहे.

आता ज्या चिंतेचा उल्लेख आम्ही मघाशी केला तिच्याकडे वळतो. बेरियम सल्फेट निरुपद्रवी आहे ते केवळ विरघळत नाही म्हणून. बेरियम हे मूलद्रव्य निरुपद्रवी आहे म्हणून नव्हे. बेरियमचे विरघळणारे क्षार विषारी आहेत. ते रक्तात उतरले तर रक्तातील पोटॅशियम घटते, स्नायू लुळे पडतात आणि हृदयाचे ठोके अनियमित होऊन मृत्यू ओढवू शकतो. बेरियम कार्बोनेट हा क्षारही पांढरी पूडच आहे. पाण्यात तोही सहसा विरघळत नाही, परंतु जठरातील आम्लात विरघळतो. उंदीर मारण्यासाठी त्याचा उपयोग केला जात असे, एवढे सांगितले तरी पुरे. डोळ्यांना मात्र या दोन पांढऱ्या पुडींत काहीही फरक दिसत नाही.

ही भीती काल्पनिक नाही. 2003 साली ब्राझीलमध्ये क्ष-किरण तपासणीसाठी पुरविलेल्या बेरियम सल्फेटच्या द्रावणात बेरियम कार्बोनेट आढळले आणि ते प्यायलेले अनेक रुग्ण दगावले. हे लोक रोगाचे निदान व्हावे म्हणून रुग्णालयात आले होते आणि त्यांना जे मिळाले ते विष होते.

या घटनेचा आमच्या खरेदी विभागाशी थेट संबंध आहे. धर्मादाय संस्थेत काटकसर हा सद्गुण मानला जातो आणि तो आहेच. तीन निविदा मागवाव्यात, तिन्हींची तुलना करावी, सर्वांत कमी दराची स्वीकारावी, हे आम्ही वाणिज्य महाविद्यालयात शिकलो आणि आजवर पाळीत आलो. चादरी, फिनेल, छपाई यांसाठी हा नियम योग्यच आहे. पण तपासणीच्या बेरियम सल्फेटला हा नियम जसाच्या तसा लावता येत नाही. खाणीतून निघालेली, रंगाच्या किंवा गिलाव्याच्या कामाची पूड आणि औषधाच्या दर्जाचे बेरियम सल्फेट यांचे रासायनिक नाव एकच असले, तरी रुग्णाच्या पोटात जाण्यायोग्य फक्त दुसरे. त्यात विरघळणाऱ्या बेरियमचा अंश नाही, याची औषधकोशातील निकषांनुसार चाचणी झालेली असावी लागते. म्हणून आमच्याकडे असा दंडक आहे की, परवानाधारक औषध उत्पादकाचा, मोहोरबंद वेष्टनातील, उत्पादन-गट क्रमांक व मुदतीचा दिनांक असलेला मालच औषध भांडारात घ्यावयाचा आणि प्रत्येक गटाचा चाचणी-अहवाल फाइलला लावावयाचा. बांधकामाची बॅराइट पूड औषध भांडाराच्या इमारतीत क्षणभरही ठेवावयाची नाही. तिची गोणी, तिची नोंदवही आणि तिची किल्ली स्वतंत्र. अंदाजपत्रकात या एका पदार्थाच्या दोन वेगळ्या नोंदी दिसतात, त्याचे कारण हेच. लेखापरीक्षकांना सोयीचे म्हणून आम्ही त्या कधीही एकत्र करणार नाही.

औषधाच्या नोंदीविषयी इतके पुरे. आता भिंतीच्या नोंदीविषयी सांगतो.

क्ष-किरण कक्षात यंत्र सुरू असते तेवढाच वेळ किरण निघतात. यंत्र बंद होताच ते थांबतात आणि खोलीत किंवा भिंतीत काहीही उरत नाही. परंतु यंत्र सुरू असताना निघालेले किरण रुग्णाच्या शरीरावरून विखुरतात, भिंतींपर्यंत जातात आणि भिंत पुरेशी सक्षम नसेल तर पलीकडे पोहोचतात. एका छायाचित्राच्या वेळी पलीकडच्या माणसाला मिळणारी मात्रा अत्यल्प असते. पण त्या भिंतीपलीकडे रोज कोण बसते, याचा विचार करावा लागतो. आमच्या इमारतीत त्या भिंतीला लागून नातेवाईकांचा बाक आहे. तेथे कोणी गरोदर सून सासऱ्यांची वाट पाहत बसते, कोणी माता कडेवरच्या बाळाला घेऊन उभी असते. शेजारच्या खोलीत आमच्या मावशी आणि वॉर्डबॉय वर्षानुवर्षे काम करतात. रुग्णाला किरणांच्या मोबदल्यात निदान मिळते. भिंतीपलीकडच्या माणसाला काहीच मिळत नाही. म्हणून त्याच्या वाट्याला शक्य तितके कमी किरण जावेत, हे पाहणे आमची जबाबदारी ठरते.

या बाबतीत आपल्या देशात स्पष्ट नियम आहेत. 15 नोव्हेंबर 1983 रोजी स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ क्ष-किरण कक्षाची रचना, यंत्राचा दर्जा आणि चालविणाऱ्यांची पात्रता यांवर देखरेख ठेवते आणि त्याच्या परवान्याविना यंत्र वापरता येत नाही. सर्वसामान्य व्यक्तीसाठी अशा कृत्रिम स्रोतांपासूनच्या मात्रेची मर्यादा वर्षाला एक मिलिसिव्हर्ट इतकी ठरविलेली आहे. किरणांशी संबंधित काम करणाऱ्यांसाठी ती पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला वीस मिलिसिव्हर्ट आहे. आमचे तंत्रज्ञ छातीवर जो लहानसा बिल्ला लावतात, तो ओळखपत्र नसून त्यांना मिळालेल्या मात्रेची नोंद ठेवणारे साधन आहे. तो ठरावीक मुदतीने तपासणीसाठी पाठविला जातो.

भिंत सक्षम करण्याचे उपाय तीन आहेत. जाड विटांची किंवा काँक्रीटची भिंत बांधणे, शिशाचा पत्रा बसविणे किंवा बॅराइट मिसळलेल्या सिमेंटचा गिलावा करणे. आपल्या जुन्या इमारतीत भिंत जाड करण्यास जागा नाही. शिसे उत्तम किरणरोधक आहे, दारांसाठी आम्ही तेच वापरणार आहोत. परंतु ते महाग आहे, मऊ असल्याने मोठ्या भिंतीवर स्वतःच्या भाराने सरकते आणि विषारी असल्याने त्याचे काम जपून करावे लागते. बॅराइटचा गिलावा तुलनेने स्वस्त पडतो आणि सामान्य गवंडी योग्य देखरेखीखाली तो करू शकतो. मात्र त्याची काही पथ्ये आहेत. जाड थर एकदम दिला तर तो आपल्याच वजनाने सुटतो. म्हणून पातळ थर एकावर एक द्यावे लागतात आणि प्रत्येक थर नीट मुरू द्यावा लागतो. विजेच्या पेटीमागे किंवा वायरच्या भोकापाशी गिलावा राहून गेला, तर तेवढ्या जागेतून किरण पाझरतात. काम पूर्ण झाल्यावर यंत्र सुरू करून भिंतीच्या पलीकडे मापकयंत्राने प्रत्येक जागा तपासावी लागते. कंत्राटदाराचे शेवटचे देयक या तपासणीचा अहवाल आल्याशिवाय चुकते केले जाणार नाही, अशी अट आम्ही करारात घातली आहे.

देणगीदारांपुढे आमची अडचण येथेच मांडावयाची आहे. यंत्रासाठी देणगी मिळविणे तुलनेने सोपे असते. यंत्र दिसते, त्याचे उद्घाटन होते, त्यावर आईवडिलांचे नाव कोरता येते. आणि अशा स्मृतिप्रीत्यर्थ दिलेल्या देणग्यांवरच हे रुग्णालय उभे राहिले, याची आम्हांस कृतज्ञ जाणीव आहे. गिलावा मात्र दिसत नाही. त्यावर रंग दिला की तो इतर भिंतींसारखाच दिसतो. त्यावर नामफलक लावता येत नाही, कारण फलकासाठी भोक पाडले तर ज्या कामासाठी गिलावा केला त्याच कामात उणेपणा येईल. परिणामी यंत्रासाठी आलेल्या देणग्या बँकेत आहेत आणि भिंतीसाठीचा निधी अपुरा आहे. भिंत आधी आणि यंत्र नंतर, हा क्रम आम्ही बदलू शकत नाही.

एक विश्वस्त महोदयांनी असाही प्रश्न विचारला होता की, आता दुर्बिणीची तपासणी आणि सीटी स्कॅन उपलब्ध असताना बेरियमच्या तपासणीवर खर्च करावा काय? प्रश्न महत्त्वाचा आहे. दुर्बिणीने व्रण प्रत्यक्ष दिसतो आणि त्याचा तुकडा तपासणीस घेता येतो. पुष्कळ विकारांत आज तीच तपासणी श्रेयस्कर मानली जाते आणि बेरियमच्या तपासण्यांची संख्या सर्वत्र घटली आहे. तथापि गिळण्याची क्रिया कशी चालते, घास श्वासनलिकेकडे जातो काय, अरुंद झालेल्या भागाची लांबी किती, दुर्बीण पुढे जात नसेल तर पलीकडे काय आहे, हे पाहण्यासाठी बेरियमचा उपयोग आजही होतो. पक्षाघातानंतर ज्यांना नीट गिळता येत नाही, अशा रुग्णांना तोंडाने अन्न देणे सुरक्षित आहे किंवा नाही, हे ठरविण्यास या तपासणीची मोठी मदत होते. कोणत्या रुग्णाला कोणती तपासणी, हा निर्णय डॉक्टरांचा आहे. प्रशासनाचे काम एवढेच की, डॉक्टरांनी सांगितलेली तपासणी गरीब रुग्णाला केवळ पैशाअभावी नाकारली जाऊ नये. त्यासाठी बेरियमची तपासणी निर्धन रुग्णनिधीतून विनामूल्य करण्याची पद्धत पुढेही चालू राहावी, अशी आमची सभेस विनंती आहे.

तात्पर्य, आम्ही सभेपुढे तीन गोष्टी ठेवीत आहोत. क्ष-किरण विभागाच्या नूतनीकरणात भिंतींचे काम प्रथम व्हावे आणि त्यासाठी स्वतंत्र निधी उभारावा. औषधी बेरियम सल्फेटची खरेदी केवळ दरावर न ठरविता दर्जाच्या दाखल्यावर ठरविण्याच्या आमच्या पद्धतीस विश्वस्त मंडळाने लेखी संमती द्यावी, जेणेकरून उद्या आमच्या जागी येणाऱ्या प्रशासकांनाही ती बंधनकारक राहील. आणि निर्धन रुग्णांसाठीची विनामूल्य तपासणी पूर्ववत सुरू राहावी.

भिंतीच्या निधीस जे देणगीदार साहाय्य करतील, त्यांचा फलक त्या भिंतीवर लावणे आम्हांस शक्य होणार नाही. त्यांची नावे पुढील वार्षिक अहवालात स्वतंत्र पृष्ठावर छापली जातील आणि त्याच पृष्ठावर, काम पूर्ण झाल्यानंतर भिंतीपलीकडे, नातेवाईकांच्या बाकापाशी केलेल्या मोजणीचा अहवालही छापला जाईल. आपल्या पैशातून काय साधले, हे तो वाचून आपणांस स्वतः पाहता येईल.